अनेक ऑपरेटिंग सिस्टिम असलेला संगणक सुरू होत नसेल, तर दुरुस्तीला हात लावण्यापूर्वीची तयारी

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स, किंवा लिनक्सचीच दोन-तीन वितरणे (उबंटू, फेडोरा यांसारखी रूपे) बसवलेली असतील आणि त्यांपैकी एक किंवा सगळ्याच सुरू होईनाशा झाल्या, तर प्रत्यक्ष बिघडलेली गोष्ट बहुतेक वेळा अगदी लहान असते. फर्मवेअरमधली (संगणक चालू होताच सर्वांत आधी धावणारी, यंत्रातच बसवलेली प्रणाली) एखादी नोंद पुसली गेलेली असते, बूटलोडरची (ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) एखादी छोटी फाइल हरवलेली असते किंवा एखाद्या पार्टिशनचा क्रमांक बदललेला असतो. त्या क्षणी वापरकर्त्याची कागदपत्रे, फोटो, कामाच्या फाइली डिस्कवर जशाच्या तशा असतात. त्या जातात त्या नंतर, घाईघाईने दिलेल्या एखाद्या कमांडमुळे. बूटलोडर भलत्याच डिस्कवर बसवला जातो, दुरुस्तीच्या नावाखाली पार्टिशन फॉरमॅट होते, किंवा रिकव्हरी की हाताशी नसताना फर्मवेअरची सेटिंग बदलली जाते. म्हणून पुढील तयारीत ज्या गोष्टीतून मागे फिरता येत नाही ती सर्वांत शेवटी ठेवली आहे, आणि बिघाड साखळीच्या कोणत्या कडीत आहे हे कळेपर्यंत डिस्कवर काहीही लिहायचे नाही हा एकच नियम सर्वत्र पाळला आहे.

सर्वांत आधी किल्ल्या गोळा कराव्यात. विंडोजचे पार्टिशन बिटलॉकरने (विंडोजची डिस्क कूटबद्ध करण्याची सोय) कूटबद्ध असेल, तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की दुसऱ्या उपकरणावर किंवा कागदावर उतरवून समोर ठेवल्याशिवाय एकही सेटिंग बदलू नये. आपण बिटलॉकर कधी चालूच केले नव्हते, असे अनेकांना वाटते. परंतु २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून, नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केल्यास बहुतेक संगणकांवर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होते आणि वापरकर्त्याला त्याचा पत्ताही नसतो. ही की सहसा मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. कार्यालयीन संगणक असेल तर ती कार्यालयाच्या तांत्रिक विभागाकडे मागावी लागते. खात्यात अनेक जुन्या संगणकांच्या किल्ल्या साठलेल्या असतात, त्यामुळे की मागणाऱ्या निळ्या पडद्यावर दिसणाऱ्या की-आयडीची पहिली आठ अक्षरे जुळवून पाहूनच योग्य की निवडावी. विंडोज अजून सुरू होत असेल, तर फर्मवेअरमध्ये शिरण्यापूर्वी बिटलॉकरचे संरक्षण तात्पुरते स्थगित करणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. मात्र कंट्रोल पॅनलमधून केलेली स्थगिती पुढच्या रीस्टार्टनंतर आपोआप उठते, हे ध्यानात ठेवून ती प्रत्येक फेरीला पुन्हा तपासावी.

लिनक्सच्या बाजूला लक्स (लिनक्समधील डिस्क कूटबद्ध करण्याची पद्धत) पद्धतीचे एन्क्रिप्शन असेल तर नुसता पासफ्रेज पाठ असून भागत नाही. त्या पार्टिशनच्या सुरुवातीला असलेला हेडर खराब झाला, तर पासफ्रेज बरोबर असूनही डेटा कायमचा बंद होतो. म्हणून लक्स हाताळणाऱ्या क्रिप्टसेटअप या साधनाच्या साहाय्याने हेडरची प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर घ्यावी. येथे एक क्षुल्लक वाटणारी पण वेळ खाणारी बाब नोंदवायला हवी. लाइव्ह पेनड्राइव्हवरील (ज्यावरून सिस्टिम डिस्कवर न बसवताच चालवता येते असा) सिस्टिमची कळफलक-रचना मूळ सिस्टिमपेक्षा वेगळी असू शकते. पासफ्रेजमध्ये विशेष चिन्हे असतील तर तो आधी एखाद्या मोकळ्या मजकूर-खिडकीत टाइप करून डोळ्यांनी पाहावा, म्हणजे किल्ली चुकली की कळफलक हे कळते.

त्यानंतर डेटाची प्रत. लाइव्ह पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून महत्त्वाचे फोल्डर बाहेरच्या ड्राइव्हवर उतरवून घ्यावेत आणि विंडोजचे पार्टिशन उघडताना ते केवळ वाचनासाठी उघडावे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, फास्ट स्टार्टअप नावाची सोय विंडोजमध्ये आहे. ती चालू असताना 'शट डाउन' केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही. तिच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर गोठवून ठेवली जाते आणि विंडोजचे एनटीएफएस स्वरूपाचे पार्टिशन अर्धवट वापरात असल्यासारखे राहते. अशा पार्टिशनवर लिनक्समधून लिहिले, तर विंडोज पुढच्या वेळी आपली जुनी स्थिती खरी धरून चालते आणि फाइल सिस्टिम बिघडते. लिनक्स हे पार्टिशन लिहिण्यासाठी उघडायला नकार देते तेव्हा ते योग्यच करत असते. गोठवलेली स्थिती पुसून टाकून सक्तीने पार्टिशन उघडण्याचा पर्याय उपलब्ध आहे, पण प्रत घेण्यासाठी त्याची मुळीच गरज नाही.

प्रत घेण्यापूर्वी दोन मिनिटे डिस्कच्या प्रकृतीसाठी द्यावीत. डिस्कची प्रकृती सांगणाऱ्या स्मार्टसीटीएल कमांडच्या अहवालात पर्यायी जागी हलवलेल्या सेक्टरांची किंवा वाचता न आलेल्या प्रलंबित सेक्टरांची संख्या शून्याहून जास्त दिसली आणि ती वाढत असेल, तर प्रश्न बूटलोडरचा नसून डिस्कचा आहे. अशा वेळी फाइल सिस्टिमची तपासणी, बूट दुरुस्ती वगैरे सर्व बाजूला ठेवून डीडीरेस्क्यू या बचाव-साधनाने संपूर्ण डिस्कची प्रतिमा (जशीच्या तशी प्रत) दुसऱ्या तितक्याच किंवा मोठ्या डिस्कवर घ्यावी आणि पुढचे सारे काम त्या प्रतिमेवर करावे.

आता नकाशा. कोणत्या डिस्कवर कोणते पार्टिशन कोणाचे, हे आठवणीवर सोडू नये. एलएसबीएलके आणि बीएलकेआयडी या दोन कमांडच्या उत्तरांत प्रत्येक पार्टिशनचा आकार, फाइल सिस्टिम आणि यूयूआयडी (प्रत्येक पार्टिशनचा एकमेव ओळख-क्रमांक) मिळतो. ते फाइलमध्ये साठवून पेनड्राइव्हवर ठेवावे आणि त्याचा मोबाइलवर फोटोही घ्यावा. डिस्कच्या नावांवर भिस्त ठेवणे धोक्याचे असते. काल 'एसडीए' म्हणून दिसलेली डिस्क आज पेनड्राइव्ह लावल्यामुळे 'एसडीबी' म्हणून दिसू शकते, आणि बूटलोडर चुकीच्या जागी बसण्याचे हे फार मोठे कारण आहे. ओळख पटवायची तर यूयूआयडी, आकार आणि डिस्कचा अनुक्रमांक यांवरून पटवावी. यूईएफआय (फर्मवेअरची नवी पद्धत; जुनी ती बायोस किंवा लेगसी) असलेल्या संगणकावर ईएफआयबूटएमजीआर ही कमांड फर्मवेअरमधील सर्व बूट नोंदी आणि त्यांचा क्रम दाखवते. तिचे सविस्तर उत्तरही याच फाइलमध्ये जोडावे.

पार्टिशन टेबलाची प्रत घेणे फार थोडे जण करतात, वास्तविक तिला काही सेकंद लागतात. जीपीटी (पार्टिशन टेबलाची नवी पद्धत) डिस्कसाठी एसजीडिस्क या कमांडमध्ये ही सोय आहे. जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर पहिला ५१२ बाइटचा सेक्टर उतरवून घ्यावा. मात्र तो परत लिहिताना त्याची अंतर्गत रचना माहीत असणे आवश्यक आहे. पहिले ४४६ बाइट बूट कोडसाठी, पुढचे ६४ बाइट चार पार्टिशनांच्या नोंदींसाठी आणि शेवटचे दोन बाइट ओळखचिन्हासाठी असतात. प्रत घेतल्यानंतर पार्टिशनांत काही बदल झाला असेल आणि पूर्ण ५१२ बाइट परत लिहिले, तर जुने टेबल नव्यावर बसते आणि मधली पार्टिशने नाहीशी झाल्यासारखी दिसतात. फक्त बूट कोड परत हवा असेल तर पहिले ४४६ बाइटच लिहावेत. यूईएफआय संगणकावर याहून सोपा आणि मोलाचा उपाय म्हणजे ईएफआय सिस्टिम पार्टिशनमधील सर्व फोल्डरांची प्रत. हे पार्टिशन फॅट३२ स्वरूपाचे आणि सहसा शंभर ते काही शे मेगाबाइटचे असते. त्यात मायक्रोसॉफ्ट, उबंटू, फेडोरा अशा नावांचे फोल्डर आणि 'बूट' नावाचा एक सर्वसाधारण फोल्डर शेजारी शेजारी असतात, आणि पुढे काहीही चुकले तरी ही प्रत असल्यास प्रत्येकाचा बूटलोडर जागेवर ठेवता येतो.

संगणक कोणत्या पद्धतीने सुरू होतो हे आधी नक्की करणे आवश्यक आहे, कारण चुकलेल्या दुरुस्त्यांपैकी बऱ्याच येथेच चुकतात. विंडोज चालू होत असेल तर सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये बायोस मोडपुढे 'यूईएफआय' किंवा 'लेगसी' असे लिहिलेले असते. लाइव्ह लिनक्समध्ये 'सिस' फोल्डरातील फर्मवेअर या उपफोल्डरात 'ईएफआय' नावाचा फोल्डर दिसला, तर ते लाइव्ह सत्र यूईएफआय पद्धतीने सुरू झालेले आहे. मूळ सिस्टिम ज्या पद्धतीने बसवली आहे त्याच पद्धतीने पेनड्राइव्ह सुरू करायला हवा. फर्मवेअरच्या बूट मेन्यूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नुसत्या नावाने आणि एकदा नावाआधी 'यूईएफआय' लावून. घाईत पहिला पर्याय निवडला जातो, आणि मग दुरुस्तीचे साधन यूईएफआय संगणकावर जुन्या पद्धतीचा बूटलोडर बसवून मोकळे होते. त्याने सांगितलेले 'यशस्वी' हे शब्द खरे असतात, फक्त फर्मवेअर त्या जागी पाहतच नाही.

पेनड्राइव्ह किमान दोन तयार ठेवावेत. एक विंडोजच्या इन्स्टॉलेशनचा, ज्यासाठी निदान आठ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो, आणि दुसरा लिनक्सच्या लाइव्ह प्रतीचा, शक्यतो बसवलेल्या वितरणाचाच आणि जवळच्या आवृत्तीचा. डाउनलोड केलेल्या आयएसओ फाइलची (पेनड्राइव्हसाठीची सिस्टिमची प्रत) एसएचए-२५६ बेरीज, म्हणजे फाइल अखंड उतरली का हे सांगणारी संख्या, संकेतस्थळावरील आकड्याशी जुळवून घ्यावी. पेनड्राइव्ह दुसऱ्या धडधाकट संगणकावर बनवावेत आणि बिघडलेल्या संगणकावर ते खरोखर सुरू होतात की नाही हे एकदा पाहून ठेवावे, कारण सिक्युअर बूट (मान्य स्वाक्षरी असलेलेच बूटलोडर चालू देणारी फर्मवेअरची सोय) चालू असताना स्वाक्षरी नसलेली लहान बचाव-वितरणे सुरूच होत नाहीत. बूट मेन्यूची कळ उत्पादकागणिक वेगळी असते, एफ१२, एफ९, एफ११, एस्केप यांपैकी कोणतीही. सापडली की तीही कागदावर लिहावी.

लाइव्ह सिस्टिम सुरू झाली पण तिला आतली डिस्कच दिसत नाही, असेही घडते. डिस्क मेली असे समजण्यापूर्वी फर्मवेअरमध्ये स्टोरेजची पद्धत पाहावी. ती इंटेलच्या रॅपिड स्टोरेज किंवा रेड (अनेक डिस्क एकत्र हाताळण्याच्या) पद्धतीवर असेल, तर अनेक लाइव्ह प्रती डिस्क ओळखत नाहीत. ती थेट एएचसीआय या नेहमीच्या पद्धतीवर बदलण्याचा मोह टाळावा. तसे केल्यास विंडोज बूट डिव्हाइस सापडत नसल्याची तक्रार करत थांबते. हा बदल करायचाच असेल, तर आधी विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल अशी तजवीज करून, मग फर्मवेअर बदलून, सेफ मोडमधून एकदा सुरू करून घ्यावी लागते. विंडोजच सुरू होत नसताना हे शक्य नसते. तेव्हा मूळ सेटिंग तशीच ठेवावी आणि दुसरी, अधिक नवीन लाइव्ह प्रत आजमावावी. फर्मवेअरच्या प्रत्येक पानाचा फोटो आधीच काढून ठेवावा, हे येथे वेगळे सांगायला नको.

आता निदान. ही तयारीची यादी असली तरी तिचा सर्वांत महत्त्वाचा भाग 'यंत्र कुठपर्यंत गेले' हे शब्दशः लिहून घेणे हा आहे, कारण उपाय त्यावरूनच ठरतो. बूट करण्याजोगे उपकरण नाही असे फर्मवेअरच म्हणत असेल, तर बूट नोंदी गेल्या आहेत किंवा डिस्क सापडत नाही. फर्मवेअर अद्ययावत केल्यावर किंवा मूळ सेटिंगवर आणल्यावर असे घडते. संगणक मेन्यू न दाखवता थेट विंडोजमध्ये शिरत असेल, तर काहीही मोडलेले नसण्याची शक्यता मोठी आहे. केवळ बूट क्रम बदलला आहे, आणि तो फर्मवेअरमध्ये दोन कळांनी परत लावता येतो. निळ्या पडद्यावर बूट कॉन्फिगरेशन डेटा मिळत नसल्याचा संदेश असेल, तर प्रश्न विंडोजच्या बाजूला आहे आणि ग्रबला, म्हणजे लिनक्सच्या बूटलोडरला, हात लावण्याचे कारण नाही. लिनक्स सुरू होताना दीड मिनिट थांबून इमर्जन्सी मोडमध्ये उतरत असेल, तर कोणती पार्टिशने जोडायची हे सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये आता अस्तित्वात नसलेल्या पार्टिशनचा यूयूआयडी असण्याचा संभव आहे. ते दीड मिनिट म्हणजे सिस्टिमडीची (लिनक्समधील सेवा सुरू करणारी व्यवस्था) ९० सेकंदांची ठरलेली मुदत. येथे बूटलोडर पुन्हा बसवणारे पुष्कळ असतात. त्याने काहीच फरक पडत नाही.

काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' एवढेच दिसत असेल तर अर्थ असा, की ग्रबचा पहिला तुकडा सापडला, पण त्याचे उरलेले मॉड्यूल ज्या पार्टिशनवर असायला हवेत ते त्याला मिळत नाही. विंडोजमधून 'नको असलेले' लिनक्सचे पार्टिशन काढून टाकल्यावर किंवा पार्टिशनांचे क्रमांक बदलल्यावर हे दृश्य हमखास दिसते. येथे एक अत्यंत निरुपद्रवी चाचणी करता येते. 'एलएस' टाइप केल्यावर ग्रब डिस्क आणि पार्टिशनांची कंसांतील नावे दाखवतो. एकेका नावापुढे तिरपी रेघ देऊन पुन्हा 'एलएस' केले की बहुतेकांपुढे फाइल सिस्टिम अनोळखी असल्याचा संदेश येतो, आणि एखाद्यापुढे मात्र 'बूट', 'ईटीसी', 'होम' अशी ओळखीची नावे उमटतात. ते पार्टिशन मिळाल्यावर 'सेट' कमांडने प्रीफिक्समध्ये त्यातील ग्रब फोल्डरचा मार्ग द्यायचा, 'इन्समॉड नॉर्मल' म्हणायचे आणि शेवटी 'नॉर्मल'. बूटसाठी वेगळे पार्टिशन असेल, तर मार्गात 'बूट' येत नाही. फेडोरात फोल्डरचे नाव 'ग्रब२' असते. मेन्यू समोर आला तर निदान पूर्ण झाले. यात डिस्कवर एक बाइटही लिहिला गेलेला नसतो, रीस्टार्ट करताच सगळे पूर्ववत होते. आणि सिस्टिम सुरू झाल्यामुळे खरी दुरुस्ती तिच्या आतूनच करता येते, जी लाइव्ह पेनड्राइव्हवरून करण्यापेक्षा केव्हाही बरी.

सिक्युअर बूटचा संदेश वेगळा ओळखावा. १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज सुरक्षा अपडेटने जुन्या बूटलोडरांना रोखणारे एसबॅट धोरण लागू केले आणि विंडोजसोबत लिनक्स असलेल्या अनेक संगणकांवर शिमच्या (सिक्युअर बूटसाठी ग्रबच्या आधी चालणारा स्वाक्षरी असलेला छोटा बूटलोडर) एसबॅट डेटाची पडताळणी फसल्याचे, सुरक्षा धोरणाचा भंग झाल्याचे वाक्य दिसू लागले. यात फाइल खराब झालेली नसते, तिच्यावर विश्वास ठेवू नये असा आदेश आलेला असतो. उपाय असा, की बिटलॉकरची की हाताशी ठेवून सिक्युअर बूट तात्पुरते बंद करावे, लिनक्समध्ये जाऊन एमओकेयुटिल या कमांडद्वारे ते धोरण पुसावे, रीस्टार्ट करून शिम व ग्रबच्या अद्ययावत आवृत्त्या घ्याव्यात आणि मग सिक्युअर बूट पुन्हा चालू करावे. सिक्युअर बूटसाठीची मायक्रोसॉफ्टची २०११ मधील प्रमाणपत्रे २०२६ मध्ये कालबाह्य होतात, त्यामुळे फर्मवेअर आणि शिम दोन्ही अद्ययावत ठेवण्याकडे यापुढे अधिक लक्ष द्यावे लागेल.

दुरुस्तीच्या कमांड आधीच क्रमाने लिहून ठेवाव्यात, आयत्या वेळी शोधू नयेत. लिनक्ससाठी क्रम असा असतो: कूटबद्ध असेल तर पार्टिशन उघडणे, मग मूळ पार्टिशन माउंट करणे (फोल्डरासारखे वापरता यावे म्हणून जोडणे), त्यात बूटचे आणि मग ईएफआयचे पार्टिशन, नंतर डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन हे चार फोल्डर जोडणे, आणि त्यानंतर सीएचरूट, म्हणजे लाइव्ह सत्रातून त्या बसवलेल्या सिस्टिमच्या आत शिरणे. बीटीआरएफएस ही फाइल सिस्टिम असेल तर नुसते पार्टिशन माउंट करून चालत नाही, योग्य सबव्हॉल्यूम (पार्टिशनच्या आतला वेगळा विभाग) सांगावे लागते. उबंटूमध्ये त्याचे नाव नुसते '@' असते, फेडोरात 'रूट'. उबंटू किंवा डेबियनमध्ये यानंतर ग्रब-इन्स्टॉल आणि अपडेट-ग्रब चालवतात. फेडोरात यूईएफआय संगणकावर ग्रब२-इन्स्टॉल वापरू नये. तेथे शिम आणि ग्रबची पॅकेजेस पुन्हा बसवणे ही योग्य रीत आहे. मेन्यू आला पण त्यात विंडोज नाही, तर घाबरू नये. २०२१ मधील ग्रब २.०६ पासून इतर सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळात बंद ठेवलेला असतो, तो ग्रबच्या डीफॉल्ट फाइलमध्ये एका ओळीने चालू होतो.

विंडोजसाठी, तिच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हच्या रिकव्हरी खिडकीतून, डिस्कपार्ट कमांडने ईएफआय पार्टिशनला एखादे अक्षर देऊन बीसीडीबूट कमांडने बूट फाइली पुन्हा तयार करणे हा सरळ मार्ग आहे. बूटरेक या दुरुस्ती-साधनाची 'फिक्सबूट' कमांड विंडोज १० पासून अनेकदा प्रवेश नाकारल्याचे सांगून थांबते आणि तिच्यामागे वेळ घालवण्यात अर्थ नाही. रिकव्हरीच्या खिडकीत ड्राइव्हची अक्षरे नेहमीसारखी नसतात. तेथे 'सी' म्हणून भलतेच लहान पार्टिशन असू शकते आणि विंडोज 'डी' किंवा 'ई' वर सापडते. बीसीडीबूटला मार्ग देण्यापूर्वी प्रत्येक अक्षराखालचे फोल्डर पाहून 'विंडोज' आणि 'युजर्स' कुठे आहेत याची खात्री करावी. आणि विंडोजच्या दुरुस्तीच्या बऱ्याच मार्गदर्शिकांत ईएफआय पार्टिशन फॉरमॅट करण्याची पायरी असते. एकच सिस्टिम असलेल्या संगणकावर ती चालून जाते. येथे मात्र त्याच पार्टिशनमध्ये लिनक्सचा बूटलोडरही राहतो, म्हणून ती पायरी यादीतून आधीच खोडून टाकावी.

दुरुस्तीनंतरच्या तपासणीसाठीही जागा राखून ठेवावी. दोन्ही सिस्टिम एकदा रीस्टार्ट करून आणि एकदा पूर्ण बंद करून सुरू कराव्यात, कारण काही फर्मवेअर पूर्ण बंद झाल्यावर नव्या नोंदी विसरतात आणि फक्त 'बूट' फोल्डरातील सर्वसाधारण फाइलच चालवतात. तसे आढळल्यास शिम आणि ग्रबच्या फाइलींची प्रत त्या फोल्डरात, त्या ठरलेल्या नावाने ठेवावी लागते. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप बंद करावे, बिटलॉकरची स्थगिती उठली आहे का ते पाहावे, सिक्युअर बूट पूर्वीच्या स्थितीत आणावे. बूट नोंदींतील मृत नोंदी लगेच पुसू नयेत. दोन्ही सिस्टिमचे एखादे मोठे अपडेट पार पडल्यावरच त्या काढाव्यात, आणि मग ईएफआय फोल्डरांची व नकाशाच्या फाइलीची नवी प्रत घेऊन जुनीवर तारीख टाकून ती बाजूला ठेवावी.